दोन कोसांची वाट : असोदा, जळगांव आणि खानदेशचें ऊन

खानदेशाचें नांव काढतांच परप्रांतीय मनुष्याच्या मनांत प्रथम ऊन येतें, नंतर कापूस आणि केळीं. हा क्रम आम्हांस तरी अन्यायाचा वाटत नाहीं. येथें बिऱ्हाड करावयास आलेल्या नवख्या कुटुंबास शेजारी जो पहिला उपदेश करितो, तो घरभाड्याविषयीं नसतो कीं शाळेविषयीं नसतो. चैत्र लागण्यापूर्वीं चांगला माठ पाहून ठेवा, एवढाच असतो. आपल्या धर्मग्रामाची हकीकत या ज्युबिली-अंकांत इतर लेखक सांगतीलच. प्रस्तुत लेखाचा हेतु त्याहून लहान आहे. ज्या लहानशा उष्ण शहरांत आणि त्याच्या कुशींतल्या खेड्यांत आपण राहतों, तेथें राहणें म्हणजे काय, आणि पूर्वींच्या लोकांनीं तें कसें साधलें, तें येथें सांगावयाचें आहे. त्यासाठीं असोदा हें गांव आम्हीं मुद्दाम निवडलें. कारण असोद्यापासून जळगांवापर्यंत जी सुमारें दोन कोसांची वाट आहे, तिच्यावरून या प्रांताचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास चालत गेलेला आहे.

हें ऊन येतें कोठून, तें प्रथम पाहूं. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळ्याचे व अजिंठ्याचे डोंगर, आणि मध्यें पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी, असा हा लांबट व खोलगट प्रदेश आहे. जळगांव समुद्रसपाटीपासून अवघें दोनशें मीटरांच्या आसपास उंचीवर वसलेलें आहे. पुणें त्याच्या अडीच पटींहून अधिक उंचीवर आहे. समुद्र दूर, डोंगर आडवे आणि जमीन काळीभोर. पीक निघाल्यावर ही जमीन उघडी पडते व दिवसभर ऊन पीत राहते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर जाणें ही येथें बातमीच नव्हे. तो ४५ च्या पुढें सरकला म्हणजे मग बाजारांत बोलणें निघतें. हवामानखात्याच्या नियमाप्रमाणें मैदानी प्रदेशांत ४० अंशांच्या खालीं उष्णतेची लाट मानीत नाहींत. जळगांवकरास तो ४० चा आंकडा ऐकून किंचित् हंसूं येतें.

आपल्यापैकीं जी मंडळी वसईहून अगर गोव्याहून नोकरीनिमित्त इकडे आली, तिला ऊन नवें नव्हतें, पण हें ऊन नवें होतें. समुद्रकांठीं उकाडा असतो, घाम अंगावर राहतो आणि सदरा पाठीस चिकटतो. येथें घाम दिसतच नाहीं. कोरडी हवा तो जागच्याजागीं पिऊन टाकते. किनाऱ्यावर माठाचें पाणी जेमतेम निवतें, तेंच येथें दांत शिवशिवतील इतकें गार होतें. मातीच्या अंगांतून पाझरलेलें पाणी कोरड्या हवेंत झपाट्यानें उडून जातें आणि जातांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें, एवढेंच त्याचें शास्त्र. परंतु जी हवा माठास इतकी मानवते, तीच माणसास फसविते. घाम दिसत नाहीं म्हणून अंगांतलें पाणी किती गेलें तें कळत नाहीं, आणि धडधाकट मनुष्य दुपारीं चालतां चालतां ऊन लागून खालीं बसतो. जुनीं माणसें तहान लागण्याची वाट न पाहतां पाणी पीत, बाहेर निघतांना डोकें व कान उपरण्यानें बांधीत, आणि घरीं येणाऱ्यापुढें आधीं पाणी व मग विचारपूस असा क्रम पाळीत. त्यास कोणी शिष्टाचार म्हणेल; मूळची ती सावधगिरी होती.

आतां शहराविषयीं. मोठें शहर म्हणून जळगांव फार जुनें नाहीं. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत गेला, तेव्हां प्रांताचें मुख्य ठाणें धुळ्यास झालें, व कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनीं तेथें सरळ रस्त्यांची नवी पेठ आंखविली. जळगांवचें भाग्य उघडावयास आणखी चाळीस-पंचेचाळीस वर्षें लागलीं, आणि तें दोन दूरच्या गोष्टींनीं उघडलें. १८६० नंतरच्या थोड्याच वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग मुंबईहून येथवर येऊन पुढें भुसावळकडे गेला. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ पर्यंत, अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें होतें. लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, आणि ज्या खानदेशी कापसाकडे एरव्हीं कोणी ढुंकून पाहिलें नसतें, त्यास एकाएकीं चढा भाव आला. १८६४ सालीं जळगांवास नगरपालिका स्थापन झाली. पुढच्याच वर्षीं युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि येथील व्यापाऱ्यांस जबर ठोकर बसली. तरी पेठ मोडली नाहीं. सूत काढण्याची व कापड विणण्याची गिरणी निघाली. सरकी काढण्याचे व गांठी दाबण्याचे कारखाने उभे राहिले. १९०० च्या सुमारास सुरतेकडून ताप्ती व्हॅली रेल्वेही येऊन मिळाली. १९०६ सालीं खानदेशाचे दोन जिल्हे झाले, व पूर्व खानदेशाचें मुख्य ठिकाण म्हणून जळगांवची निवड झाली. १९०१ च्या खानेसुमारींत येथें सुमारें १६,००० माणसें होतीं; २०११ च्या खानेसुमारींत तीच संख्या ४ लक्ष ६० हजारांवर गेली. गिरणी केव्हांच बंद पडली. तिच्या जागेवर आतां दुकानांची भव्य इमारत उभी आहे, आणि आंत यंत्रानें गार केलेली हवा मिळते.

या हकीकतींत एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. धुळ्याच्या मधून पांझरा वाहते, नाशिकास गोदावरी आहे. जळगांवची गिरणा मात्र शहराच्या बाहेरून जाते. हें शहर नदीच्या ओढीनें वाढलें नाहीं, तें स्टेशनाच्या ओढीनें वाढलें. कापसाच्या गांठीस पाणी नको असतें; तिला कोरडी हवा, मोकळें पटांगण आणि जवळ आगगाडी हवी. माणसास पाणी आणि सावली हवी. येथें गांठीची सोय प्रथम झाली आणि माणसाची मागाहून. आमचें हें म्हणणें कोणास कठोर वाटेल. परंतु शहरांतील जुन्या वखारींच्या ऐसपैस पटांगणांकडे व त्यांच्या मागच्या मजुरांच्या कोंदट खोल्यांकडे ज्यानें एकदां पाहिलें, तो त्यास सहसा खोटें म्हणणार नाहीं.

असोद्याची गोष्ट निराळी. तें गांव बाजारासाठीं वसलेलें नाहीं. विहिरी, मळे, गुरें आणि त्यांच्याभोंवतीं घरें, अशी त्याची मांडणी. हिवाळ्यांत या गांवाचें नांव घरोघर निघतें तें भरताच्या वांग्यामुळें. हें वांगें थोराड, फिक्या हिरव्या रंगाचें, अंगावर पांढऱ्या रेघा असलेलें, व आंत बिया थोड्या. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर तें भाजावें, लांकडी बडगींत हिरव्या मिरच्या व लसूण यांसह ठेचावें, आणि ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याच्या भाकरीशीं शेतांतच बसून खावें. २०१६ सालीं जळगांवच्या भरताच्या वांग्यास व केळ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. त्यापूर्वीं कित्येक पिढ्या असोदा व बामणोद येथील वांग्यांनीं तें मानांकन खाणाऱ्यांच्या जिभेवर मिळविलेलेंच होतें. कापूस शहरांत विकावयाचा आणि त्याच्या काड्यांवर गांवांत वांगें भाजावयाचें, या एका गोष्टींत शहर व खेडें यांचें नातें जितकें उघड दिसतें, तितकें दुसऱ्या कशांत क्वचितच दिसेल.

याच असोद्यांत १८८० सालीं महाजनांच्या घरीं एक कन्या जन्मली. तेराव्या वर्षीं तिचें लग्न झालें व ती जळगांवच्या चौधरींच्या घरीं नांदावयास आली. बहिणाबाई चौधरी या शाळेंत कधीं गेल्या नाहींत. त्यांस तरुणपणींच वैधव्य आलें. प्लेगाच्या तडाख्यांत एका मुलास कायमचें अपंगत्व आलें. शेत, गोठा व चूल यांचें काम मात्र चुकलें नाहीं. काम करतां करतां त्या जीं गाणीं रचीत, तीं त्यांचे पुत्र कवि सोपानदेव व एक आप्त यांनीं वेळोवेळीं उतरून ठेविलीं. ३ डिसेंबर १९५१ रोजीं त्या निवर्तल्या, आणि १९५२ सालीं आचार्य अत्रे यांच्या प्रयत्नानें तीं गाणीं पुस्तकरूपानें निघालीं, तेव्हां सर्व महाराष्ट्र चकित झाला. जळगांव येथील विद्यापीठास २०१८ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें. जुन्या जळगांवांतील त्यांचें घर आतां संग्रहालय म्हणून जपलें जातें. त्यांच्या काव्याचें गुणवर्णन येथें करावयाचें नाहीं, तें इतरांनीं पुष्कळ केलें आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीनें एवढेंच पाहावें कीं, त्यांचें माहेर व सासर यांच्यामध्यें तेंच दोन कोसांचें अंतर होतें, आणि तें त्यांनीं उन्हाळ्यांत पायीं तुडविलें. मोट, घरोट, आखाजी, माहेरची वाट हे त्यांच्या गाण्यांचे विषय. खानदेशांतील उष्णतेचा सरकारी इतिहास अंशांच्या कोष्टकांत सांपडतो. ज्यांनीं ती अंगावर काढली त्यांचा इतिहास अशा गाण्यांत सांपडतो.

पूर्वीं या प्रांतांत घर बांधावयाचें तें धाब्याचें. मातीच्या हातभर जाड भिंती, रस्त्याच्या बाजूस लहान खिडक्या, आंत चौक, आणि माथ्यावर कौलें नव्हेत तर सपाट धाबें. लांकडी सऱ्यांवर फळ्या अगर काटक्या घालून वर मातीचा जाड थर देत, व त्या मातीवर खारी नांवाची पांढुरकी माती पसरीत. ही खारी पावसाचें पाणी आंत मुरूं देत नाहीं, आणि पांढुरकी असल्यामुळें उन्हाळ्यांत तिच्यावर पडलेलें ऊन बरेंचसें परत जातें. जाड भिंतीचा गुण असा कीं, बाहेरची उष्णता आंत पोहोंचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोंवर घरचीं माणसें घराबाहेर आलेलीं असतात. दुपारीं माजघर, संध्याकाळीं ओटा, रात्रीं धाबें. सूर्य जसा सरके तसें कुटुंब घरांतल्या घरांत बिऱ्हाड हालवी. इराणांतील याझ्द शहरीं वारा पकडून घरांत आणणारे उंच मनोरे आहेत, त्यांस बादगीर म्हणतात. ते पाहावयास जगांतून लोक जातात, आणि २०१७ सालीं युनेस्कोनें तें शहर जागतिक वारशाच्या यादींत घातलें. आमचें धाबें त्या यादींत कधीं जाणार नाहीं, कारण तें दिसावयास ओबडधोबड आहे. पण बुद्धि तीच.

धाब्यावरची रात्र हा तर निराळाच विषय आहे. दिवस मावळला म्हणजे मुलें वर जाऊन पाणी शिंपडीत. तापलेल्या मातीचा वास गल्लीभर पसरे. मग गोधड्या पडत. एका धाब्यावरून दुसऱ्या धाब्यावर बोलणें चाले. कोणाचें लग्न जमलें, कोणाची विहीर आटली, कापसाचा भाव काय निघाला, हें सर्व वर्तमान काळोखांत ऐकूं येई. आजारी शेजाऱ्याचा खोकला ऐकून मध्यरात्रीं उठून जाणारीं माणसें त्या धाब्यांवर होतीं. त्या राहणींत एकांत नव्हता, हें खरें. नवविवाहितांची व सुनांची त्यांत फार कुचंबणा होई, हेंही सांगितलें पाहिजे, नाहीं तर जुन्याची नुसती आरती ओंवाळल्यासारखें होईल. तरी उन्हानें लोकांस एकमेकांच्या जवळ आणून निजविलें होतें, ही गोष्ट राहतेच.

उन्हाळ्यांत जळगांवचा दिवस एक नसतो, दोन असतात. पहिला पहाटें चारापासून अकरापर्यंत. त्यांत दूध व भाजी घेऊन आसपासच्या खेड्यांतील माणसें येतात, शाळा सकाळच्या होतात, आपल्याकडील मिस्साही ऊन चढण्यापूर्वीं आटोपते. मग बारा ते पांच शहर मिटलेलें असतें. दुकानावर पडदा ओढून दुकानदार आंत पेंगतो. रस्त्यावर कडुनिंबाखालीं गाय आणि रसवंतीचा घुंगुरांचा आवाज, याखेरीज कांहीं नाहीं. दुसरा दिवस दिवेलागणीस उगवतो. रात्रीं नऊ वाजतां सराफ बाजारांत व फुले मार्केटांत जी गर्दी दिसते, ती पाहून मुंबईचा पाहुणा चकित होतो. त्यास वाटतें, सण असावा. सण नसतो, ऊन उतरलेलें असतें. लहान शहराचें सुख असें कीं, हा दुसरा दिवस पायीं भोगतां येतो. कचेरी, बाजार, दवाखाना, सोयऱ्याचें घर, सर्व मैल-दोन मैलांच्या आंत. मनुष्य दुपारीं घरीं येऊन जेवूं व पडूं शकतो. मोठ्या शहरांत पगार अधिक असेल, पण भर दुपारचे ते दोन तास तेथें कोणीही देत नाहीं.

आणि उन्हास केवळ वैरी समजूं नये. तें येथलें सर्वांत जुनें व बिनपगारी नोकर आहे. बिबडे, कुरडया, पापड, वड्या यांचें वर्षभराचें वाळवण एप्रिल-मे महिन्यांत धाब्यावर होतें, आणि त्यासाठीं गल्लींतल्या बायका पहाटेच एकमेकींच्या घरीं जमतात. जळगांवच्या डाळीच्या गिरण्यांचें नांव दूरवर आहे; त्यांच्या आवारांत भिजवलेली डाळ पसरून उन्हावर वाळविण्याची रीत जुनी आहे. येथल्या सोन्याच्या बाजाराची कीर्ति तर सर्वश्रुत. त्याच्या मुळाशीं पाहिलें तर कापसाचाच पैसा. केळीस मात्र हें ऊन सोसत नाहीं. रावेर-यावलकडील बागाईतदार केळीच्या बागेभोंवतीं शेवरीची दाट रांग लावितात, म्हणजे उष्ण वाऱ्याचा झोत पानांवर येत नाहीं. केळीस आडोसा करावा हें ज्यास कळलें, त्यास माणसाच्या आडोशाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. तरी तें सांगावें लागतें, त्याकडे पुढें येऊं.

आमच्या हिंदु शेजाऱ्यांचा या प्रांतांतील मोठा सण आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा नेमका या उन्हाच्या ऐन मध्यावर येतो. परप्रांतीयांस याचें नवल वाटतें. पण कारण साधें आहे: शेतें मोकळीं असतात, कापसाचा पैसा हातीं आलेला असतो, आणि सासुरवाशिणीस माहेरीं पाठवावयास घरचे तयार होतात. झाडांस झोके बांधले जातात, मुली गाणीं म्हणतात, आमरस व खापरावरचे मांडे होतात. पूर्वजांच्या नांवानें पाण्यानें भरलेली घागर पूजितात व तिच्यावर डांगर ठेवितात. ऐन उन्हाळ्यांत गेलेल्या माणसांस द्यावयाचें तें गार पाणी. याच सुमारास सालदाराचें साल संपतें व नवें साल ठरतें. एका बाजूस झोक्यावरची गाणीं आणि दुसऱ्या बाजूस ओट्यावर बसून वर्षाच्या मजुरीची घासाघीस, असा हा दिवस. ज्याचें साल ठरलें, त्यानें पुढचा संपूर्ण उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा दुसऱ्याच्या शेतांत काढावयाचा. आपला प्रायश्चित्तकाळही बहुधा ऊन तापूं लागतांनाच येतो. दाराशीं पाणी मागावयास आलेल्या वाटसरूस नाहीं म्हणूं नये, हा धडा त्या दिवसांत येथें प्रवचनावांचून शिकतां येतो.

असें ऊन असतां येथील माणसांची बुद्धि सुस्त होत असेल, असा एक समज आहे. त्याचें उत्तर जळगांवनेंच देऊन ठेविलें आहे. १८८७ सालीं नारायण नरसिंह फडणीस यांनीं या शहरांतून 'काव्यरत्नावली' नांवाचें मासिक काढलें, त्यांत केवळ कविता छापीत. कापसाच्या पेठेंत केवळ कवितेचें मासिक! १९०७ सालीं येथें कविसंमेलन भरलें, डॉ. कीर्तिकर अध्यक्ष होते, आणि त्या सभेंत धरणगांवच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या तरुणाचें कौतुक होऊन तो पुढें बालकवि या नांवानें ओळखला जाऊं लागला. निर्झर व फुलराणी यांचा हा कवि या कोरड्या मुलखांतला असावा, यांत आश्चर्य नाहीं. ज्यास हिरवळ दुर्मीळ, त्यासच तिची किंमत. त्याचा अंतही येथेंच, ५ मे १९१८ रोजीं, भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं झाला. भादली असोद्याहून दूर नाहीं. वय अवघें सत्तावीस.

आतां अलीकडची स्थिति. धाबीं गेलीं आणि सिमेंटची स्लॅब आली. ती गळत नाहीं, दर वर्षीं खारी मागत नाहीं, आणि तिच्यावर दुसरा मजला चढवितां येतो, म्हणून लोकांनीं ती पत्करली. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. पण स्लॅब दिवसभर तापते आणि ती उष्णता मध्यरात्रीपर्यंत खोलींत सोडीत राहते. मग कूलर आला. कूलर म्हणजे जुन्या वाळ्याच्या पडद्याचा व माठाचाच नातू. कोरड्या हवेंत पाणी उडवून गारवा करावयाचा. खानदेशांत तो उत्तम चालतो. अडचण इतकीच कीं, त्यास ऐन मे महिन्यांत भरपूर पाणी लागतें, आणि ऐन मे महिन्यांतच पाणी नसतें. पूर्वीं गिरणेच्या व पुढें वाघूर धरणाच्या पाण्यावर या शहराची तहान भागविण्यांत आली. तरी अनेक वर्षें नळास रोज पाणी येणें हें जळगांवकरांस स्वप्नवतच राहिलें. ज्याच्या घरीं मोठी टांकी आहे, त्याचा कूलर चालतो. ज्याच्या घरीं दोन पिंपें आहेत, तो प्यावयाचें पाणी कूलरांत ओतीत नाहीं.

खरी चिंता याच माणसाची आहे. पूर्वीं पाटील आणि सालदार यांच्या घरांत लहानमोठेपणा होता, पण दोघांच्याही डोक्यावर मातीचेंच धाबें होतें. रात्रीं दोघांसही वारा सारखाच लागे. आज एकाच्या खोलींत यंत्राचा गारवा आहे आणि दुसऱ्याच्या डोक्यावर पत्रा. पत्र्याखालची खोली दुपारीं भट्टी होते. तींत बाळंतीण असते, म्हातारा असतो, रात्रपाळी करून आलेला कामगार असतो. धक्क्यावर पोतीं वाहणारा हमाल, केळीचे घड गाडींत भरणारा मजूर, रस्त्यावर डांबर ओतणारी बाई, यांना दुपारचे ते मिटलेले पांच तास मिळत नाहींत. दुपारीं निजण्याची जी रीत पूर्वीं सर्व गांवाची होती, ती आतां ज्यास परवडते त्याची झाली. आणि ऊन लागून मेलेल्या माणसाच्या मृत्यूचें कारण कागदावर बहुधा दुसरेंच कांहीं लिहिलें जातें. हृदय, ताप, म्हातारपण. त्यामुळें उन्हाचा हिशेब कधीं पुरा लागत नाहीं.

हा हिशेब लावतां येतो, हें शेजारच्या गुजराथनें दाखविलें आहे. मे २०१० मध्यें अहमदाबादेस भयंकर उष्णतेची लाट आली. त्या महिन्यांतील एकंदर मृत्यूंची इतर वर्षांतील मे महिन्याशीं तुलना केली, तेव्हां तेराशेंहून अधिक मृत्यु जास्त झाल्याचें आढळलें. त्यानंतर २०१३ सालीं तेथील महानगरपालिकेनें उष्णतेसंबंधीं रीतसर योजना केली: आगाऊ सूचना, पाणपोया, दवाखान्यांची तयारी, आणि पुढें गरिबांच्या छपरांस पांढरा रंग. पांढरा रंग! असोद्याच्या म्हातारीस हें सांगितलें तर ती म्हणेल, आम्ही दर वर्षीं धाब्यावर खारी टाकीत होतों ती दुसरी कशासाठीं?

जळगांवास २००३ पासून महानगरपालिका आहे, आणि तिची सतरा मजली इमारत दुरूनही दिसते. त्या इमारतीच्या माथ्यावरून पाहिलें तर शहर किती पसरलें आणि त्यांत झाडें किती थोडीं उरलीं, तें एका दृष्टिक्षेपांत कळावें. नव्या वसाहती मळ्यांवर चढत चालल्या आहेत. असोद्याची ती दोन कोसांची वाटही आतां पूर्वींसारखी मोकळी राहिलेली नाहीं. शहराचें एक टोंक तिच्यावरून पुढें सरकत आहे. त्याबरोबर असोद्यास दवाखाना, महाविद्यालय व रोजगार जवळ आले, हें भलें झालें, आणि तेथील तरुणांनीं त्याचा लाभ कां घेऊं नये? फक्त ज्या जमिनींत भरताचें वांगें होतें, तिच्यावर एकदां पाया पडला म्हणजे ती पुन्हां काळी होत नाहीं.

मे महिना सरत आला कीं, खानदेशांतील खेड्यांत जीं थोडीं जुनीं धाबीं अजून उरलीं आहेत, त्यांवर माणसें चढलेलीं दिसतात. खालून टोपल्या भरून खारी वर दिली जाते. वर ती हातानें पसरून चोपतात, कोपरे व पन्हळी नीट करतात. हें काम सकाळीं लवकर सुरू करून ऊन चढण्यापूर्वीं सोडावयाचें, व उरलेलें दुसऱ्या दिवशीं. पश्चिमेकडे ढग दिसूं लागले म्हणजे मग संध्याकाळींही करतात; शेजारचें घर एकट्या म्हाताऱ्या बाईचें असेल, तर तिच्या धाब्यावर आधीं टाकून होते.